मारहाण, धमक्या, ब्लॅकमेल : क्विअर व्यक्तींनी महाराष्ट्रात मदत कुठे आणि कशी मागायची

गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स, किंवा स्वतःला अजून कुठलंच नाव न दिलेलं कुणीही असा. तुमच्या असण्यावरून घरात, रस्त्यावर, कॉलेजात किंवा ॲपवर कुणी त्रास दिला असेल आणि पुढे काय करायचं ते सुचत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. या वाटेने मी स्वतः गेलोय. त्यानंतर इतरांच्या सोबतीला पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टाच्या आवारात बसलोय. तिथे जे कळलं ते क्रमाने लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या. आपल्या फौजदारी कायद्यात ‘हेट क्राइम’ नावाचा वेगळा गुन्हा नाही. गे आहे म्हणून मारलं, असं कलम शोधत गेलात तर मिळणार नाही आणि समोरचा सहज म्हणेल, ‘असं काही कलम नाही, घरी जा.’ पण मारणं, वाट अडवणं, कोंडून ठेवणं, पैसे उकळणं, फोटो पसरवण्याची धमकी देणं हे सगळे गुन्हे आहेत आणि ते तुमच्यासोबत घडले तरी गुन्हेच राहतात. म्हणून तक्रार नेहमी घडलेल्या कृत्याची करायची. तुम्ही कोण आहात हे कुणाला पटवून द्यायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

१. आधी जीव सांभाळा

कुणी अंगावर येत असेल, खोलीत कोंडलं असेल, तर ११२ लावा. फोनवर पूर्ण कहाणी सांगत बसू नका. पत्ता, समोर किती माणसं आहेत, हत्यार आहे का, जखम झालीय का, एवढंच सांगा.

वय अठराच्या आत असेल तर १०९८. स्त्रियांसाठी १८१. जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ ही टेली मानसची सरकारी सेवा दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हे फोन करायला काहीतरी ‘मोठं’ घडायची वाट पाहू नका.

२. सोबतीला एक माणूस घ्या

एकट्याने पोलीस ठाण्यात जाणं आणि कुणासोबत जाणं यात फार फरक पडतो. सोबतचा माणूस वकीलच हवा असं नाही. शांत डोक्याचा, न घाबरणारा, तुमचं बोलणं मध्येच न तोडणारा कुणीही चालेल.

असं कुणी नसेल तर संस्था आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट आहे. नागपूर-विदर्भाकडे सारथी ट्रस्ट आहे. लेस्बियन, बायसेक्शुअल स्त्रिया आणि ट्रान्स व्यक्तींसाठी मुंबईत लेबिया हा गट नव्वदच्या दशकापासून आहे. मन मोकळं करायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा फोनवर मिळते. मुलाला किंवा मुलीला आधार द्यायचा आहे पण कसा ते कळत नाही, अशा आईवडिलांसाठी ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे.

तुमच्या तालुक्यात असं काहीच नसणार, हे मला ठाऊक आहे. जतचा, किनवटचा, गडहिंग्लजचा माणूस पुण्या-मुंबईच्या संस्थेला फोन करू शकतो. बऱ्याचदा त्यांच्या ओळखीचा वकील किंवा कार्यकर्ता जिल्ह्याच्या ठिकाणी निघतो. स्त्रियांना आणखी एक दार आहे, ते फार कमी जणींना माहीत असतं. पोलीस ठाण्यांच्या आणि पोलीस मुख्यालयांच्या आवारात ‘महिला व बालकांसाठी विशेष कक्ष’ असतात. टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत हे काम सुरू केलं आणि आता ते राज्यभर आहे. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसतात. पोलिसांशी बोलायचं काम त्या रोजच करतात.

इथे एक सावधगिरी. मदत मागितली की इन्स्टाग्रामवर किंवा ॲपवर ‘मी वकील आहे’, ‘मी संस्थेत आहे’ म्हणत लोक मेसेज करतात. संस्थेच्या मुख्य नंबरवर फोन करून त्या माणसाचं नाव विचारा. आधी पैसे, फोटो किंवा एकांतात भेट मागणाऱ्याला उत्तरच देऊ नका.

३. सगळं लिहून ठेवा, काहीही पुसू नका

माणसाचा पहिला आवेग असतो सगळं डिलीट करून टाकायचा. कृपा करून तसं करू नका. जे तुम्हाला लाजिरवाणं वाटतंय, तेच पुढे तुमच्या बाजूने बोलणार आहे.

वहीत तारीख, वेळ, ठिकाण, कोण होतं, काय शब्द वापरले, कुठे मारलं हे त्याच दिवशी लिहा. शिव्या जशाच्या तशा लिहा. ‘घाण बोलला’ असं मोघम लिहिलेल्याचा पुढे उपयोग होत नाही. जखमांचे फोटो पहिल्या दिवशी काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण वळ नंतर जास्त दिसतात.

चॅटचे स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण काही डेटिंग ॲपवर ब्लॉक केलं की अख्खं संभाषणच गायब होतं. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. डिजिटल पुरावा कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. या सगळ्याची एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, घरच्यांना उघडता येईल अशा ईमेलवर नको.

४. दवाखाना आणि एमएलसी

मार लागला असेल तर शक्यतो सरकारी रुग्णालयात जा आणि केसपेपर काढतानाच ‘मारहाण झालीय, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करा’ असं सांगा. ‘पडलो’ म्हणू नका. एकदा केसपेपरवर ‘पडून जखम’ लिहिलं गेलं की आरोपीचा वकील नंतर तेवढाच कागद धरून बसतो. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं कुणी म्हटलं तर ऐकून परत फिरू नका. अशा रुग्णाला पोलिसांची वाट न पाहता उपचार देणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर शक्यतो अंघोळ करू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. आणि ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक औषधं, म्हणजे ‘पेप’, मागा. जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं. कोर्स २८ दिवसांचा असतो. माहितीसाठी १०९७ ही हेल्पलाइन आहे. पोलीस तक्रार करायची की नाही हे अजून ठरलं नसलं, तरी औषधासाठी थांबू नका.

५. पोलीस ठाण्यात

लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तक्रार घरूनच लिहून न्या, दोन प्रतींत, साध्या मराठीत. एका मुलासोबत मी गेलो होतो. त्याने अंमलदाराच्या टेबलापुढे बसताच पहिलं वाक्य उच्चारलं, ‘साहेब, मी गे आहे.’ पुढचा सगळा वेळ त्यावरच गेला. हे कधी कळलं, घरी माहीत आहे का, लग्न का नाही केलं. डोक्याला टाके पडलेले असून मार कुणी दिला हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. शेवटी कागद पुढे सरकवला तेव्हा गाडी रुळावर आली. त्यात लिहिलं होतं : ‘अमुक तारखेला रात्री साडेनऊच्या सुमारास अमुक चौकात तिघांनी माझी दुचाकी अडवली. एकाने लोखंडी सळईने डोक्यात मारलं. दुसऱ्याने पाकीट काढून घेतलं. मारताना ते अमुक अमुक शिव्या देत होते.’ कारण त्या शिव्यांतच आलं होतं. वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

ओळख सांगायची की नाही हा निर्णय तुमचा. ट्रान्स व्यक्तींच्या बाबतीत ती सांगितल्याने खास कलम लागू शकतं, तिथे सांगा. बाकी ठिकाणी घटनेला आवश्यक तेवढंच.

आता सगळ्यात मोठी फसगत : एनसी. तुम्ही दोन तास बसता, शेवटी हातात एक चिठ्ठी मिळते आणि ‘तक्रार घेतली’ म्हणतात. ती अदखलपात्र नोंद असते. तिच्यावर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. साधी मारहाण आणि शिवीगाळ एवढंच लिहिलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) आणि ३५२ वर बोळवण होते. पण तुमची वाट अडवली होती का (कलम १२६), कोंडून ठेवलं होतं का (१२७), हत्यार वापरलं का (११८), पैसे उकळले का (३०८), मारून-धमकावून लुटले का (३०९), घरात घुसले का (३२९)? हे दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे यांचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करू शकतात. घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं आणि एफआयआर घ्यावाच लागतो. खोटं काही घालू नका. पण घडलेल्यातलं काहीही गाळू नका.

‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, याच ठाण्यात नोंदवलेला एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

‘तुमच्यावरच ३७७ लावू’, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम लावू, ही धमकी अजूनही काही ठिकाणी ऐकू येते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळलं, आणि नव्या संहितेत तर ते कलमच नाही. शांतपणे एवढं सांगा आणि पुन्हा आपल्या तक्रारीवर या. वाद घालत बसू नका.

तक्रार घेतच नसतील तर पायऱ्या अशा :

- लेखी तक्रार आवक-जावक टेबलावर द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तेही नाकारलं तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.
- मग कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्तांना, लेखी पाठवा.
- तरीही हालचाल नसेल तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली अर्ज. या पायरीवर आधीच्या दोन्ही पावत्या लागतात, म्हणून त्या फायलीत हव्यात.

तुमच्या ओळखीची वाच्यता होईल अशी भीती असेल तर दोन गोष्टी आधीच करा. संपर्कासाठी घरचा नंबर देऊ नका, मित्राचा किंवा संस्थेचा द्या. आणि एफआयआर ‘संवेदनशील’ मानून संकेतस्थळावर चढवू नये असा लेखी अर्ज सोबत जोडा. एफआयआर ऑनलाइन टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तेव्हाच संवेदनशील प्रकरणांना त्यातून सूट दिली आहे.

शिवीगाळ जातीवरूनही झाली असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर तेही शब्द तक्रारीत आलेच पाहिजेत. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं लागली की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

एक कडू गोष्ट लपवत नाही. सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी थेट कलम आज आपल्या संहितेत नाही. ३७७ पूर्ण काढून टाकल्याने ही पोकळी राहिली आहे आणि मला तो घोर अन्याय वाटतो. तोवर दुखापत, कोंडणं, धमकी, खंडणी ही कलमं आणि वैद्यकीय पुरावा यांवरच लढावं लागतं. पीडित अठराच्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

६. ॲपवरून गाठून ब्लॅकमेल

पद्धत जवळपास ठरलेली असते. ग्राइंडरसारख्या ॲपवर ओळख, गोड बोलणं, मग एखाद्या खोलीवर किंवा आडबाजूला भेट. तिथे अचानक आणखी दोघं-तिघं येतात, कपडे काढायला लावून व्हिडिओ करतात, मारतात आणि जागेवरच यूपीआयने पैसे वळते करून घेतात. कधी भेटही होत नाही. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून ‘तुझ्या कॉन्टॅक्ट लिस्टला पाठवतो’ अशी धमकी येते.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. तिथे पहिले काही तास सोन्याचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते. जवळ ठेवा :

- व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि समोरचा यूपीआय आयडी
- बँकेचा मेसेज किंवा स्टेटमेंट
- प्रोफाइलचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट
- भेटीचं ठिकाण, वेळ, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो

सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. पैसे उकळल्याबद्दल न्याय संहितेचं कलम ३०८, आणि संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण किंवा प्रसारण केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागतं. पुरुषालाही त्याचा आधार घेता येतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणखी पैसे देऊ नका. एकदा दिले की दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन येतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की आता वेगळं काही घडेल अशी आशाच ठेवत नाही. व्हिडिओ पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेवर जा. तिथे फोटो किंवा व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याची फक्त एक डिजिटल खूण तयार होऊन सहभागी समाजमाध्यमांकडे जाते आणि ते तो रोखू शकतात. तो आधीच पसरला असेल तर त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. अशी खासगी चित्रं हटवण्यासाठी २०२१ च्या आयटी नियमांनी २४ तासांची मुदत घातली.

पुढच्या वेळी भेटायचंच असेल तर पहिली भेट वर्दळीच्या हॉटेलात, लोकेशन मित्राला पाठवून, आणि यूपीआयच्या खात्यात थोडीच रक्कम ठेवून. कुणाला भेटलात यात तुमचा गुन्हा काहीही नाही. पोलिसांनी ‘तिथे गेलातच कशाला’ विचारलं तर ‘भेटायला बोलावलं म्हणून गेलो’ हे उत्तर पुरेसं आहे.

७. त्रास घरातूनच होत असेल तेव्हा

मोबाइल काढून घेणं, खोलीत बंद करणं, घाईघाईने स्थळं बघणं, ‘एकदा लग्न झालं की होईल सगळं नीट’ म्हणणं. सगळ्यात जास्त फोन याच गोष्टींचे येतात आणि सगळ्यात जास्त अपराधी वाटतं तेही इथेच, कारण समोर आईवडील असतात.

मुलगी असाल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त सासरच्यांसाठी नाही. वडील, भाऊ यांच्याविरुद्धही तो वापरता येतो, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरातल्या स्त्रियांविरुद्धही. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा सखी वन स्टॉप सेंटरमध्ये अर्ज करता येतो. मुलग्यांना हा कायदा लागू होत नाही, त्यांच्यासाठी मारहाण आणि कोंडण्याची कलमं.

बुवा-बाबाकडे नेऊन ‘बाधा’ उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. घरच्यांशी थेट भिडायचं बळ नसेल तर त्या बाबाविरुद्धची तक्रार हा मोठा आधार होतो. अंनिसचे कार्यकर्ते बहुतेक जिल्ह्यांत आहेत आणि अशा प्रकरणात ते धावून येतात. आणि ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर असेल तर त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे कन्व्हर्जन उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

घर सोडायचं ठरवलंत तर शांतपणे तयारी करा. तुमचं वय अठरा पूर्ण असलं पाहिजे. बरोबर घ्यायच्या वस्तू :

- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला
- बँक पासबुक आणि एटीएम कार्ड
- रोजची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन

मूळ कागद हाती लागत नसतील तर डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते उतरवून घ्या. आधारला वडिलांचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जाईल, म्हणून तो आधी बदला. सिम कुणाच्या नावावर आहे, गुगल खातं घरच्या फोनवर उघडं आहे का, लोकेशन शेअरिंग चालू आहे का, हे तपासा. घरातले दागिने किंवा रोकड घेऊ नका, आईने स्वतः दिलेली असली तरी. चोरीची तक्रार हे घरच्यांचं पहिलं हत्यार असतं.

दुसरं हत्यार मिसिंगची तक्रार. यावर उपाय साधा आहे आणि तो बाहेर पडल्याच्या पहिल्याच दिवशी करायचा. एका पानावर लिहा : ‘मी सज्ञान आहे. माझी जन्मतारीख अमुक. मी स्वखुशीने घर सोडले आहे. मला कोणीही पळवून नेलेले नाही. माझ्या जिवाला अमुक व्यक्तींकडून धोका आहे. माझा ठावठिकाणा त्यांना कळवू नये.’ सोबत वयाचा पुरावा जोडा. एक प्रत गावाकडच्या पोलीस ठाण्याला आणि एक तुम्ही आता जिथे आहात तिथल्या ठाण्याला, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीसाठी आम्ही हेच केलं होतं. पोलीस तिला शोधत पुण्यापर्यंत आले, तेव्हा तिने आपल्या प्रतीवरचा शिक्का दाखवला, जबाब दिला आणि ती तिथेच राहिली. जबाब देताना वकील किंवा संस्थेचा माणूस सोबत ठेवा. ‘फक्त पाच मिनिटं घरच्यांशी बोल’ म्हणून दुसऱ्या खोलीत नेत असतील तर नकार देता येतो.

जोडीदाराला घरच्यांनी कोंडलं असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची, याचिका करता येते. ती जोडीदार किंवा मित्रही करू शकतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्याबरोबरच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना मुंबई गाठावी लागत नाही. अशा प्रकरणांत न्यायालयांनी कसं वागावं हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ च्या देवू जी. नायर विरुद्ध केरळ राज्य या निकालात सांगितलंय : त्या व्यक्तीशी घरच्यांच्या दबावापासून दूर, खासगीत बोलावं, आणि तिची ओळख बदलण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नये. वकिलाला हा निकाल आवर्जून दाखवा. सगळ्यांना तो माहीत असतोच असं नाही.

८. ट्रान्स व्यक्तींसाठी

२०१९ मध्ये मंजूर झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १८ मध्ये घरातून किंवा गावातून हुसकावणं, सार्वजनिक जागी येण्यापासून रोखणं, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ हे गुन्हे म्हणून लिहिले गेले, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. ती फार कमी आहे हे खरं. म्हणून मारहाण किंवा लूट झाली असेल तर न्याय संहितेची कलमंही सोबत लावायला सांगा, नुसत्या कलम १८ वर समाधान मानू नका. कायद्याचा आजचा मजकूर वकिलाकडून तपासून घ्या.

ठाण्यात तुम्हाला जुन्या नावाने हाक मारली जाईल, हसलं जाईल. तक्रारीत आपलं नाव आणि कंसात कागदोपत्री नाव लिहिलं की नोंदीचा गोंधळ टळतो. अंगझडतीची वेळ आली तर ती कुणी घ्यावी याबद्दल तुमची इच्छा लेखी नोंदवा. शस्त्रक्रिया झालेल्या एका ट्रान्स स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. राहायला जागा नसेल तर केंद्राच्या योजनेतल्या ‘गरिमा गृह’ निवाऱ्यांची चौकशी संस्थेमार्फत करा.

९. कॉलेज आणि नोकरी

यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कल आणि लिंगओळखीवरून केलेला छळही धरला जातो. रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. यूजीसीचेच २०१५ चे लैंगिक छळाचे नियम मुलग्यांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही लागू आहेत, अंतर्गत समिती ‘हे फक्त मुलींसाठी’ म्हणत असेल तर ते चूक आहे. नोकरीच्या ठिकाणचा २०१३ चा कायदा मात्र तक्रारदार म्हणून स्त्रियांपुरताच आहे. पुरुषांनी आधी कंपनीचं धोरण वाचावं, बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी त्यात सगळ्यांना घेतलंय.

१०. वकील, आणि त्यानंतर

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना वकील मोफत मिळतो. फोन १५१००. दिलेला वकील तुमच्याबद्दल तुच्छतेने बोलला तर दुसरा मागण्याचा अर्ज करा, मनात संकोच ठेवू नका. पीडितांसाठीच्या नुकसानभरपाईची चौकशीही याच कार्यालयात करा.

एफआयआर झाल्यावर तपास अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर त्यासाठीच्या कलमाचा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ चा, उल्लेख करून लेखी विचारा.

या काळात ‘मिटवून टाका’ म्हणणारे नक्की येतील. कुणी नातेवाईक, कुणी गावचा पुढारी, कधी ठाण्यातलाच कुणी. समोर कोरा किंवा अर्धवट लिहिलेला कागद ठेवला तर सही करू नका. ‘माझी काही तक्रार नाही’ अशा एका ओळीच्या जबाबावरही नाही. वाचायला वेळ मागा, मोबाइलवर फोटो काढा आणि वकिलाला पाठवा. त्याचं उत्तर येईपर्यंत पेन खाली ठेवा.